कोंबडीतली कप्पी आणि माकडाचा पाना

प्रश्न असा आला आहे: "मी दोन वर्षांपासून एकटाच एक मराठी पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर गेम (चित्रात क्लिक करत, वस्तू गोळा करत कोडी सोडवायचा खेळ) करतोय. लहानपणी काकांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर 'मंकी आयलंड' आणि 'किंग्ज क्वेस्ट' खेळलो होतो, तीच मजा मला आणायची आहे. पण कोडी अवघड ठेवली की टेस्टिंगला बसलेले वैतागतात आणि सोपी केली की कंटाळतात. एका कोड्यात आजोबांचं बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ सव्वानऊला लावलं की मागचा कप्पा उघडतो. आजोबा सव्वानऊच्या एसटीने गेले ते परत आलेच नाहीत, हे आजी खेळाच्या सुरुवातीला एकदा बोलते. सहापैकी पाच जण तिथेच खेळ सोडून उठले. जुने खेळ तर याच्या कितीतरी पट अवघड होते, मग ते आपल्याला एवढे का आवडायचे?"

वीस-बावीस वर्षं मी खेळांसाठी कोडी रचतोय, आणि हा प्रश्न मला अगदी जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. घड्याळाकडे शेवटी येतो. आधी तुमचं शेवटचं वाक्य. "अवघड होते, मग का आवडायचे" असं तुम्ही विचारता, त्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. जुने खेळ अवघड होते हे खरं. आपल्याला ते आवडायचे हेही खरं. पण ते अवघड होते म्हणून आवडायचे, असं मला वाटत नाही. त्यातली बरीचशी अवघड कोडी चक्क वाईट होती. जी आवडली त्यांचं कारण वेगळं होतं, आणि जी आठवण आपण जपून ठेवली आहे तिच्यात खेळ बनवणाऱ्यांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे.

आधी वाईटाबद्दल बोलू.

'किंग्ज क्वेस्ट ५', साल १९९०. राजा ग्रॅहम बर्फाळ डोंगरात पोचतो आणि भुकेने कासावीस होतो. त्याच्याजवळ दोन खाण्याच्या वस्तू असू शकतात: मटणाची तंगडी आणि बेकरीतून घेतलेली कस्टर्ड पाई. भूक लागलेला माणूस जे हाताला लागेल ते खाईल. तुम्ही पाई खाल्ली तर खेळ एका शब्दाने अडवत नाही. भूक भागते, राजा पुढे चालू लागतो. नंतर हिममानव समोर येतो, आणि त्याच्या तोंडावर फेकायला हवी असते ती नेमकी हीच पाई. ती तर पोटात गेलेली. आता तुम्ही कितीही डोकं चालवा, कितीही वेळा परत या, पुढचा रस्ता बंद. उपाय एकच, पाई खाण्याआधीचा सेव्ह, म्हणजे जपून ठेवलेला टप्पा, शोधायचा. पण चूक पाईपाशी झाली हे तुम्हाला सांगणार कोण? खेळ तर सांगत नाही. माणूस तासन् तास हिममानवाशी झुंजत बसतो आणि चूक मागे कुठेतरी झालेली असते.

याला मी कोडं म्हणतच नाही. कोड्यात खेळाडू आणि रचणारा यांच्यात एक न बोललेला करार असतो: उत्तर तुझ्या आवाक्यात आहे, तू फक्त नीट बघ. इथे उत्तर आवाक्याबाहेर गेलेलं असतं आणि खेळ तरीही "चालू दे" म्हणत असतो. हा विश्वासघात आहे, आणि एकदा तो झाला की पुढच्या प्रत्येक कोड्यात खेळाडूच्या मनात शंका राहते: हे मला सुटत नाहीये, की आता सुटण्यासारखं उरलंच नाहीये? ती शंका शिरली की माणूस विचार करायचं थांबवतो. तुमच्या खेळात आणखी काहीही ठेवा, पण हे ठेवू नका.

'किंग्ज क्वेस्ट' काढणाऱ्या सिएरा कंपनीच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. तिचे संस्थापक रोबर्टा आणि केन विल्यम्स यांनी १९८० मध्ये ॲपल २ या कॉम्प्युटरवर 'मिस्टरी हाउस' आणला तेव्हा असल्या खेळात चित्र असणं हीच नवलाई होती. कसं करायचं हे शिकवणारं कुणी नव्हतं. आणि मरण्याची भीती असल्यामुळे त्या खेळांतल्या एखाद्या अरुंद जिन्यावर पाय टाकताना छातीत खरंच धडधडायचं. ते मला आजही आवडतं. मरणं वेगळं आणि न कळता अडकून पडणं वेगळं. मेल्यावर निदान कळतं तरी की मेलो.

त्या काळात हे असं का व्हायचं? फ्लॉपीत जागा थोडी, म्हणून दृश्यं थोडी. उत्तरं ठाऊक असतील तर यातले बरेचसे खेळ एका दुपारीत संपतात. पैसे मोजून घेतलेला खेळ एका दुपारीत संपला तर गिऱ्हाईक नाराज होणार, मग तो महिनाभर पुरवायचा कसा? अडवून. शिवाय अडकलेल्यांसाठी उत्तरांची पुस्तकं विकली जायची. इन्फोकॉम कंपनीची 'इन्व्हिजिक्लूज' नावाची पुस्तिका अदृश्य शाईत छापलेली असे, सोबतच्या खास पेनाने घासलं की एकेक ओळ उमटायची. आधी हलकासा इशारा, मग जरा स्पष्ट, शेवटी पूर्ण उत्तर. नुसते प्रश्न वाचूनच खेळाचं गुपित फुटू नये म्हणून त्यात काही खोटे प्रश्नही घातलेले असत. त्या धंद्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण ती पुस्तिका ज्यांनी रचली त्यांना माणसाचा स्वाभिमान कळत होता. तिच्याकडे पुन्हा येईन.

त्याच इन्फोकॉमचं एक कोडं मी नव्या मुलांना शिकवताना नेहमी घेतो. १९८४ साली डग्लस ॲडम्स आणि स्टीव्ह मेरेट्स्की यांनी मिळून केलेल्या 'हिचहायकर्स गाइड' या खेळात आहे ते. चित्र नाही, फक्त मजकूर. नायक ड्रेसिंग गाउनमध्येच पृथ्वीवरून एका परग्रही जहाजात येऊन पडलेला. भिंतीवर एक यंत्र आहे, बटण दाबलं की त्यातून एक बेबल मासा बाहेर पडतो. तो कानात गेला की परग्रहवासीयांची भाषा कळणार. बटण दाबता, मासा सुळकन खोलीपार जातो आणि समोरच्या भिंतीतल्या भोकात नाहीसा होतो. त्या भोकाच्या वर एक खुंटी आहे. गाउन खुंटीला अडकवला की भोक झाकलं जातं. पुन्हा बटण. आता मासा गाउनवर आपटून खाली घसरतो आणि जमिनीवरच्या जाळीतून गटारात जातो. जाळीवर टॉवेल टाका. पुन्हा बटण. आता भिंतीतलं एक झाकण उघडतं, सफाईचा रोबो येतो आणि मासा उचलून नेतो. झाकणासमोर मित्राची पिशवी ठेवा. पुन्हा बटण. आता रोबो पिशवीला अडखळतो, मासा हवेत उडतो आणि वरच्या वर दुसरा रोबो तो झेलून नेतो. पिशवीवर टपालाने आलेली जाहिरातींची रद्दी ठेवली की कागद हवेत उधळतात, वरचा रोबो ते गोळा करण्यात गुंततो आणि मासा एकदाचा कानात येऊन पडतो.

यातली घडण बघा. प्रत्येक वेळी तुम्ही हरता, पण प्रत्येक हार तुम्हाला पुढची पायरी दाखवते. मासा कुठे गेला हे खेळ सविस्तर सांगतो, आणि जिथे गेला तेच पुढचं कोडं असतं. एकदाही "हे जमणार नाही" असं कोरडं वाक्य ऐकून परतावं लागत नाही. इतकं अवघड कोडं आणि तरी इतकं प्रामाणिक. हे कोडं सोडवल्याचा अभिमान लोकांना एवढा की कंपनीने "मला बेबल मासा मिळाला" अशा अर्थाचे टीशर्ट विकले.

आणि त्याच कोड्यात तीच जुनी खोडही आहे. यंत्रातले मासे मोजके आहेत, फार प्रयोग केले तर संपतात. आणि ती रद्दी घराच्या दाराशी पडलेली होती, पृथ्वी नष्ट होण्याआधी. उचलली नसेल तर आता पृथ्वीच उरलेली नाही. म्हणजे उत्तम कारागिरी आणि निव्वळ जाच एकाच कोड्यात, एकाच खोलीत. म्हणून म्हणतो, जुन्या खेळांकडून शिकताना अख्खा खेळ उचलू नका. एकेक सांधा सोडवून बघा.

'मंकी आयलंड' रचणाऱ्या रॉन गिल्बर्टनी हे फार लवकर ओळखलं. १९८९ मध्ये त्यांनी 'ॲडव्हेंचर गेम्स का फसतात' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख लिहिला होता. त्यात एक मुद्दा आहे जो मी टेबलासमोर लिहून लावला आहे: कुलूप आधी दिसावं, किल्ली नंतर. त्यांचं उदाहरण दरी आणि दोराचं आहे. दोर आधी सापडला तर खेळाडू तो नुसता पिशवीत कोंबतो. दरी आधी दिसली तर तो पुढच्या प्रत्येक खोलीत दोर शोधत फिरतो आणि दोर दिसताक्षणी त्याला आनंद होतो. वस्तू तीच, कोडं तेच, फक्त क्रम उलटा. तुमच्या घड्याळाचं दुखणंही बरंचसं इथेच आहे.

पुढच्याच वर्षी त्यांचा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' आला. त्यात नायक जवळजवळ मरतच नाही. तो दहा मिनिटं श्वास रोखू शकतो अशी त्याची बढाई असते, आणि पाण्याखाली खरंच दहा मिनिटं काही न करता बसून राहिलात तरच तो बुडतो. तो पाण्याखाली जातो तो प्रसंग म्हणजे माझ्या मते या सगळ्या परंपरेतलं सगळ्यात निर्मळ कोडं आहे. त्याला एका जड मूर्तीला दोरीने बांधून समुद्रात ढकललेलं असतं. आजूबाजूला सुऱ्या, तलवारी, कात्र्या पडलेल्या, पण सगळ्या हातभर लांब. आपण एकेकीकडे जायचा प्रयत्न करतो, दोरी पुरत नाही. उत्तर काय? मूर्ती उचला आणि चालू लागा. बस. ती उचलता येते.

आपल्याकडच्या कोड्यांसारखं आहे ते. सूपभर लाह्या, त्यात एक रुपया. लहान मुलाला उत्तर सांगा, "चांदण्या आणि चंद्र." ते "का?" म्हणून विचारत नाही. वर बघतं आणि हसतं. बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे. जीभ. पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. ज्या कोड्याचं उत्तर ऐकल्यावरही स्पष्टीकरण द्यावं लागतं ते कोडं अवघड नसतं, अर्धवट असतं. टेस्टिंगला बसलेल्याला मी शेवटी उत्तर सांगतो आणि त्याचं तोंड बघतो. कपाळावर हात मारून "अरे हो की!" म्हणाला तर कोडं ठेवतो, इशारे वाढवतो. "असं होय?" म्हणत मान डोलावली तर कोडं काढून टाकतो. ती मान डोलावणं ही निव्वळ सभ्यता असते.

आता माकड. हे आमच्या घरातलं, म्हणजे मित्राच्या घरातलं. त्याच्या वडिलांच्या ४८६ कॉम्प्युटरवर आम्ही तिघं शनिवारी-रविवारी खेळायचो. कुणाकडून तरी आलेल्या फ्लॉपी, आणि 'मंकी आयलंड'च्या चोरीविरोधी चक्राची झेरॉक्स. त्या चक्रात दोन पुठ्ठ्याच्या चकत्या असायच्या, फिरवून अर्धा चेहरा वर आणि अर्धा खाली जुळवायचा आणि खिडकीत दिसणारं साल टाइप करायचं, मगच खेळ सुरू. आमच्या झेरॉक्सवर चेहरे काळपट आलेले, चकत्या मधोमध टाचणीने जोडलेल्या. टाचणीच्या भोवती कागद फाटत गेला तशी सालं चुकू लागली आणि दर रविवारी खेळ सुरू होण्याआधीच निम्मी भांडणं होऊन जायची.

दुसऱ्या भागात, १९९१ च्या 'लचक्स रिव्हेंज' मध्ये, एका बेटावर धबधबा आहे. वर जाऊन पंपाची तोटी फिरवून पाणी बंद करायचं, म्हणजे मागची वाट उघडते. तोटी हाताने फिरत नाही. दुसऱ्या बेटावरच्या दारूच्या गुत्त्यात एक माकड पियानो वाजवत असतं. मेट्रोनोमवर (टिकटिक करत ताल देणाऱ्या यंत्रावर) केळं ठेवलं की माकडाची नजर त्यावर खिळते आणि ते ताठ होऊन जातं. ते ताठ माकड उचलायचं आणि त्याने तोटी फिरवायची. का? कारण अमेरिकी इंग्रजीत तोंड लहानमोठं होणाऱ्या पान्याला 'मंकी रिंच' म्हणतात. आम्ही तिघं सांगलीची पोरं. आमच्या गॅरेजात तो पाना. पान्याचा माकडाशी काय संबंध? ब्रिटनमध्ये इंग्रजी बोलणारेसुद्धा इथे अडकले, कारण तिथेही त्याला स्पॅनरच म्हणतात.

आम्ही पिशवीतली प्रत्येक वस्तू प्रत्येक ठिकाणी लावून बघत गेलो आणि कधीतरी माकडाचा नंबर लागला. तोटी फिरली, पाणी थांबलं. तिघांपैकी कुणीही ओरडलं नाही, कुणी टाळी दिली नाही. तो क्षण मला स्वच्छ आठवतो. तीन आठवडे घालवून मिळालेलं उत्तर आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज. अवघड असणं हेच जर आनंदाचं कारण असतं, तर तो आमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद व्हायला हवा होता. आणि लक्षात घ्या, दोन वर्षांपूर्वी तो लेख लिहिणाऱ्या माणसाच्याच खेळातलं हे कोडं. नियम ठाऊक असूनही भाषेने पाय घसरवला. आपली भाषा आपल्याला दिसत नाही, जशी आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही.

मी स्वतः हे केलं आहे. एका खेळात एका अहंमन्य पाटलाला हरभऱ्याचं रोप द्यायचं असं कोडं घातलं होतं, म्हणजे तो खूश होऊन वाडा दाखवेल. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे, ही गंमत. बेंगळुरूची एक मुलगी टेस्टिंगला होती, खेळ इंग्रजीत भाषांतरित केलेला. तिने चाळीस मिनिटं प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "यांना पोटाचा त्रास आहे का?" मी कोडं त्याच संध्याकाळी बदललं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कोडं वास्तववादी असावं, माकडं-बिकडं नको. तसं नाही, आणि इथे मला ठाम बोलायचं आहे कारण हा गैरसमज फार पसरलाय. 'डे ऑफ द टेंटॅकल', १९९३. एक मुलगी दोनशे वर्षं पुढच्या काळात झाडाला अडकली आहे, तिचा मित्र दोनशे वर्षं मागे आहे. झाडावर कमक्वाट नावाची पिवळी-नारिंगी फळं. मित्र ती लाल रंगवतो, अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना ते चेरीचं झाड वाटतं, लहानपणी चेरीचं झाड तोडल्याच्या आपल्या दंतकथेला जागून ते तोडतात, आणि भविष्यात झाडच उरत नाही, मुलगी सुटते. यापेक्षा वेडगळ काय असणार? पण त्या जगात आधीपासून सांगितलेलं असतं की भूतकाळ बदलला की भविष्य बदलतं. तेवढा नियम धरून चाललं की रस्ता सापडतो. वॉशिंग्टनची गोष्ट मात्र ठाऊक असावी लागते. आम्हाला ती होती, म्हणून निभावलं.

याच्या उलट 'गेब्रियल नाइट ३', १९९९. गंभीर, फ्रान्समधल्या रेन-ल-शातो या खऱ्या गावात घडणारी रहस्यकथा. नायकाला मोटरसायकल भाड्याने हवी असते, त्यासाठी तो मित्राचं सोंग घेतो. दाराच्या भोकाला चिकटपट्टी लावायची, मांजराला तिथून पळवायचं, पट्टीला चिकटलेल्या केसांची मिशी करायची, ती मेपल सिरपने ओठावर चिकटवायची. आणि ज्या मित्राचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोवर पेनने मिशी काढायची. या कोड्याची टर उडवणारा एरिक वोलपॉ यांचा २००० सालचा लेख गाजला. ॲडव्हेंचर गेम्सनी आत्महत्या केली असा त्याचा रोख होता. तेच वोलपॉ पुढे २००७ च्या 'पोर्टल'च्या लेखकांपैकी एक झाले, आणि 'पोर्टल' हा खेळाडूला न दुखावता शिकवत नेणाऱ्या कोड्यांचा वस्तुपाठ आहे. माझं म्हणणं असं की मांजराची मिशी हास्यास्पद आहे हा तिचा दोष नव्हे. गंभीर जगात खेळाडू गंभीर विचार करतो: पैसे देऊ, गयावया करू, मित्रालाच घेऊन येऊ. खेळ मध्येच वेगळ्या जगाचे नियम लावतो आणि ते सांगतही नाही. 'टेंटॅकल'मध्ये हीच मिशी शोभली असती.

वेडगळ तरी न्याय्य कोडं कसं असतं ते मी माझ्या भाचीकडून नव्याने शिकलो. ती आठवीत असताना मी तिला 'मंकी आयलंड'ची २००९ ची नवी आवृत्ती दिली. आमचा करार झाला: इंटरनेटवर उत्तर बघायचं नाही, आणि खेळातला इशारा दोघांच्या संमतीनेच घ्यायचा. या खेळात एक रबरी कोंबडी मिळते, तिच्या मधोमध कप्पी बसवलेली. इतकी निरर्थक वस्तू की बघूनच हसू येतं. एका बेटाकडे जाणारी केबल असते, ती ओलांडायची कशी यावर ही पोरगी अडली. पहिल्या दिवशी चिडली. दुसऱ्या दिवशी जेवताना आईला विचारलं, आजोबांना विचारलं. आजोबांनी अख्खं ऐकून घेतलं आणि "खलाशी आहे ना, मग पोहत का जात नाही?" असा रास्त प्रश्न केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरातून ओल्या केसांनी ओरडत बाहेर आली: "मामा, कप्पी! कप्पी दोरावर बसते! कोंबडी विसर, कप्पी बघ!" शाळेत तिने नुकतीच साधी यंत्रं शिकली होती. कप्पी पहिल्यापासून समोर होती, वस्तूच्या नावातच होती. कोंबडीने फक्त तिच्यावरून नजर हटवली होती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या न्हाणीघराच्या दाराशी मिळालं. कोडं कॉम्प्युटर बंद केल्यावर तिच्या डोक्यात चालू राहिलं. जेवणाच्या ताटावर आलं, घरातल्या चार माणसांच्या तोंडी गेलं. आमच्या लहानपणी हे आपोआप व्हायचं, कारण दुसरा इलाजच नव्हता. उत्तर विचारायला अमेरिकेतल्या कंपनीला फोन लावायचा तर आयएसडीचे पैसे कोण भरणार? मग आम्ही सायकलवरून शाळेत जाताना, मधल्या सुट्टीत, गणिताच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर नकाशे काढत तेच बोलायचो. ती मजा कोड्यात असायची तेवढीच त्या तिघांच्या सायकलींमध्ये असायची. म्हणून आज माणसं 'स्कमव्हीएम' (जुने खेळ आजच्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवून जुना खेळ लावतात आणि वीस मिनिटांत बंद करतात. खेळ तोच आहे, सायकली नाहीत. मीही बंद केलेत. त्यात त्या खेळाचा दोष नाही, आणि आपलाही नाही.

पण भाचीच्या त्या तीन दिवसांनी मला सांगितलं की ते परत आणता येतं. जाच वाढवून ते येत नाही. खेळाडूला दोन गोष्टींची खात्री लागते: उत्तर आहे, आणि ते माझ्याजवळ आहे. ही खात्री असली की माणूस तीन दिवस आनंदाने अडकून राहतो. नसली की दहा मिनिटांत फोन उचलून उत्तर शोधतो, आणि बरोबरच करतो.

आता ही खात्री द्यायची कशी, ते एका छोट्या गोष्टीतून सांगतो. माझ्या एका खेळात जुना वाडा आहे. भिंतीतल्या बळदात काहीतरी लिहिलेलं आहे पण आत काळोख. कंदील आहे, त्यात घासलेट नाही. घासलेट स्वयंपाकघरातल्या वातीच्या स्टोव्हच्या टाकीत आहे. मला हे इतकं उघड वाटत होतं की मी त्याला कोडं म्हणायलाही लाजत होतो. टेस्टिंगला विशीतली मुलं बसली. एकालाही सुटलं नाही. त्यांनी वातीचा स्टोव्ह पाहिलेलाच नव्हता. त्यांच्या लेखी ती एक गंजलेली शोभेची वस्तू होती. मी आजीच्या तोंडी लांबलचक संवाद लिहिले, ते कुणी वाचेना. शेवटी स्टोव्हवर क्लिक केल्यावर येणारं वाक्य बदललं. आधी होतं, "जुना स्टोव्ह." नवं: "हलवला की टाकीत काहीतरी डुचमळतं. वासावरून घासलेट." पुढच्या फेरीत आठपैकी आठ जणांना सुटलं, आणि प्रत्येकाला वाटलं आपणच शोधलं. खरंच त्यांनीच शोधलं होतं. मी फक्त त्यांना माझ्या पिढीइतकं ज्ञान दिलं.

तुमच्या टेस्टिंगबद्दलही एक विनंती. खेळाडूच्या मागे बसा, वही घ्या आणि तोंड मिटून ठेवा. त्याने कुठे क्लिक केलं यापेक्षा, माउस कुठे जाऊन थबकला आणि क्लिक न करता परत आला ते लिहा. तिथे त्याला काहीतरी सुचलेलं असतं. तो जे करू बघतो ते जर तुमच्या उत्तराच्या जवळपास असेल, तर खेळाने त्याला हात द्यावा. अचूक शब्द, अचूक पिक्सेल यासाठी अडवू नये. पहिल्या 'किंग्ज क्वेस्ट'मध्ये, १९८४ साली, बुटक्याचं नाव ओळखायचं होतं. उत्तर रम्पलस्टिल्टस्किन, परीकथेतल्या बुटक्याचं नाव, पण तेही वर्णमाला उलटी धरून, म्हणजे 'ए'च्या जागी 'झेड' असं एकेक अक्षर बदलून. इशारा एवढाच की कधीकधी उलटा विचार करणं शहाणपणाचं. कितीतरी जणांनी नाव उलटं लिहून पाहिलं असणार, आणि त्यांचा विचार रास्तच होता. १९९० च्या नव्या आवृत्तीत ते नुसतं उलटं लिहिलेलं नाव चालू लागलं.

तर घड्याळ. मला तुमचं कोडं आवडलं, काढू नका. सव्वानऊची एसटी आणि बंद घड्याळ यांच्यात खरं नातं आहे, ते ऐकून कुणीही कपाळावर हात मारेल. फक्त क्रम बदला. आजी बोलण्याआधी घड्याळ दिसू दे, त्याचे काटे फिरतात हे कळू दे, आणि मागे कप्पा आहे हेही. कप्प्याच्या फटीतून एखाद्या पाकिटाचा कोपरा दिसला तर उत्तम. मग आजीचं वाक्य नुसती आठवण राहणार नाही, ऐकणाऱ्याचे कान टवकारतील. ती वेळ एकदाच बोलण्यात ठेवू नका. गावच्या एसटी स्टँडवर रंगवलेला वेळापत्रकाचा फलक असतो, त्यात रात्रीच्या गाडीखाली सव्वानऊ लिहा. आजी रोज त्या वेळी ओटीवर येऊन उभी राहते, हे दाखवा. बोलायची गरज नाही.

आणि बेबल माशाचा धडा इथे वापरा: चुकीची वेळ लावली तर "काही घडत नाही" असं म्हणू नका. घड्याळ तेवढे टोले देईल आणि आतून आजीचा आवाज येईल. सातला लावलं तर, "सात? तेव्हा तर ते अंघोळ करून पेपर वाचत असायचे." आठला, "आठला जेवायला बसले होते, भाकरी अर्धीच खाल्ली." नऊला, "नऊला पिशवी भरत होते. मी म्हटलं, उद्या जा." खेळाडू काटे पुढे सरकवत जाईल आणि त्या रात्रीकडे पावला-पावलाने पोचेल. सव्वानऊला आजी काहीच बोलणार नाही, आणि कप्पा उघडेल.

इशाऱ्यांची सोय करा, पण 'इन्व्हिजिक्लूज'सारखी, ओळीमागून ओळ, पुढची ओळ मागेपर्यंत झाकलेली. त्या सहापैकी जे पाच जण उठून गेले, त्यांना मात्र पुन्हा बसवू नका, त्यांना आता आजीचं वाक्य पाठ असेल. नवे सहा शोधा, आणि त्यातले दोघे असे बघा ज्यांनी गावची एसटी कधी पाहिलेली नाही.